संस्थापकांनंतरची संस्था

पुण्यात 1880 च्या जानेवारीत सुरू झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलची कुणी तेव्हाच कुंडली मांडली असती, तर ही शाळा अल्पायुषी ठरणार असंच भाकीत निघालं असतं. सरकारी नोकरी सोडून आलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर, नुकतीच कायद्याची पदवी घेतलेले टिळक, खटपटी स्वभावाचे महादेव बल्लाळ नामजोशी, पाठोपाठ संस्कृतचे पंडित वामन शिवराम आपटे आणि एम.ए. होऊन आलेले आगरकर. माणसं एकाहून एक तेजस्वी, आणि म्हणूनच एका छपराखाली नांदायला अवघड.

झालंही तसंच. दोनच वर्षांत, मार्च 1882 मध्ये, चिपळूणकर वयाच्या एकतिसाव्या वर्षी गेले. त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात टिळक-आगरकर 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. 1890 मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. 1892 मध्ये आपटे वारले, 1895 मध्ये आगरकर, 1896 मध्ये नामजोशी. ज्यांच्या नावांनी ही शाळा ओळखली जाते त्या पाचांपैकी सोळा वर्षांत एकही उरला नाही. आणि याच सोळा वर्षांत 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज उघडलं, आणि दोन्ही आजतागायत चालू आहेत.

आगरकरांनंतर फर्ग्युसनचं प्राचार्यपद महादेव शिवराम गोळे यांच्याकडे आलं. हे नाव आज पुण्यातही फारसं कुणाला ठाऊक नसेल. संस्थेचा इतिहास लिहिताना अशा नावांवरून नजर सहज घसरते, कारण त्यांच्याभोवती ना वाद असतो ना तुरुंगवास. पण संस्था चालू राहिली ती पुढच्या सात-आठ वर्षांत कुणीतरी वेळापत्रकं लावली, फी वसूल केली, परीक्षा घेतल्या म्हणून.

या टिकाऊपणामागे एक व्यवस्था होती. सोसायटीत आजीव सदस्य असत. त्यांनी वीस वर्षं संस्थेतच शिकवायचं, आणि महिना साधारण 75 रुपयांत भागवायचं. त्या काळी सरकारी शिक्षण खात्यात पदवीधराला याहून पुष्कळ मिळू शकत होतं. बदल्यात कारभार याच आजीव सदस्यांच्या हातात असे. शिकवणारेच धोरण ठरवत आणि मतभेद झाले तर मत घेत. मुदत पूर्ण करणाऱ्याला निवृत्तिवेतनही होतं.

टिळकांचा राजीनामा याच व्यवस्थेतून आला. आजीव सदस्यांनी बाहेरचं काम किंवा कमाई करावी का, हा मुख्य तंटा होता. टिळकांचं म्हणणं कडक होतं: सगळा वेळ आणि सगळी मिळकत संस्थेची. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं तेव्हा हा वाद टोकाला गेला. बहुमत टिळकांच्या बाजूने नव्हतं, आणि ते बाहेर पडले. मराठी वाचकांना हा किस्सा टिळक-आगरकर भांडणाचा म्हणून ठाऊक आहे. संस्थेच्या बाजूने पाहिलं तर त्यात आणखी एक गोष्ट दिसते. इतक्या मोठ्या माणसाचा इतका मोठा पराभव झाला, तरी शाळेचे दोन तुकडे पडले नाहीत. इमारत, निधी, विद्यार्थी कुणा एकाच्या नावावर नव्हते, आणि टिळकांनीही समोरच्या गल्लीत दुसरी शाळा काढली नाही. आजच्या कितीतरी शिक्षणसंस्थांबाबत असं म्हणता येणार नाही.

वीस वर्षांच्या अटीचा आणखी एक उपयोग होता, जो पटकन लक्षात येत नाही. माणूस कधी जाणार हे आधीच माहीत असे. त्यामुळे पुढचा कोण, हा प्रश्न तिरडी उठल्यावर विचारायची वेळ येत नसे. र. पु. परांजपे केंब्रिजला गेले ते परत येऊन फर्ग्युसनमध्ये शिकवण्याचं वचन देऊन. 1899 मध्ये ते सीनिअर रँग्लर झाले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय. सरकारी नोकरीत त्यांचं सोनं झालं असतं. पण ते परतले आणि 1902 मध्ये पंचाहत्तर रुपयांच्या आसपासच्या त्याच पगारावर प्राचार्य झाले. संस्थेची पुढची वीस वर्षं अशी मार्गी लागली होती.

स्वयंसेवी संस्थांची पहिली चार-पाच वर्षं जोरात जातात, यात नवल नाही. विषय नवा असतो, वर्तमानपत्रं दखल घेतात, मित्र पैसे देतात, संस्थापक रात्रीचा दिवस करतो. पाचव्या-सहाव्या वर्षी तोच विषय जुना होतो. पहिले देणगीदार दुसऱ्या चांगल्या कामांकडे वळलेले असतात. सुरुवातीला उत्साहाने आलेल्या तरुणांची लग्नं झालेली असतात, घरभाडं भरायचं असतं. संस्थापक मात्र तोच असतो, आणि प्रत्येक चेकवर त्याचीच सही लागते. इथे पुष्कळ संस्था मंदावतात. कागदोपत्री त्या जिवंतच राहतात, वर्षाला एक अहवालही निघतो, पण कामाची ओढ संपलेली असते.

मग ओढ टिकवतं काय? महाराष्ट्रात याची उदाहरणं भरपूर आहेत, आणि ती एकसारखी नाहीत.

धोंडो केशव कर्वे हे फर्ग्युसनमधले गणिताचे प्राध्यापक आणि सोसायटीचे आजीव सदस्य. परांजप्यांचे ते नातलग, आणि परांजपे शिकले ते त्यांच्याच आधाराने. 1893 मध्ये कर्व्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातल्या गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, आणि 1896 मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. प्लेगच्या दिवसांत आश्रम गावाबाहेर नेणं भाग पडलं. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जागा आणि साडेसातशे रुपये दिले. तिथे एक झोपडी उभी राहिली, आणि 1900 पासून आश्रम तिथला झाला.

कॉलेजातले तास संपले की कर्वे चालत हिंगण्याला जात. वाट शेतांतली, पावसाळ्यात चिखलाची. बरोबर आश्रमाला लागणारं सामानसुमान असे. आश्रमात शिकवून, मुलींची चौकशी करून मुक्काम करायचा आणि सकाळी पुन्हा पुण्याला तासांवर हजर व्हायचं. हे वर्षानुवर्षं चाललं. कर्व्यांची व्याख्यानं गाजत असल्याचं कुणी सांगत नाही. त्यांचा हिशोब मात्र गाजलेला होता. देणगी चार आण्यांची असो की चारशे रुपयांची, तिची नोंद होई आणि वार्षिक अहवालात ती छापून येई. देणाऱ्याला आपलं नाव अहवालात दिसलं की पुढच्या वर्षी तो पुन्हा देतो, हे त्या मितभाषी माणसाला नेमकं कळलं होतं.

पण हिंगण्याचं खरं बळ कर्व्यांच्या पायपिटीत नव्हतं. ते पार्वतीबाई आठवल्यांसारख्या बायकांत होतं. पार्वतीबाई या गोदूबाईंच्या, म्हणजे बाया कर्व्यांच्या, धाकट्या बहीण. ऐन विशीत विधवा झालेल्या. आश्रमात त्या शिकायला आल्या आणि पुढे आश्रमाची व्यवस्था पाहू लागल्या. मग संस्थेसाठी निधी गोळा करत गावोगाव फिरल्या. पुढे 1918 च्या सुमारास त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी जेमतेम, पैसे तर नाहीतच. तिथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम करून दिवस काढले, इंग्रजी शिकल्या आणि आश्रमासाठी मदत मिळवून परतल्या. त्यांनी आपलं आत्मचरित्रही लिहिलं. ज्या बाईला समाजाने कोपऱ्यात बसायला सांगितलं होतं, ती आता संस्थेची वसुली करत होती.

ही गोष्ट भावनेची म्हणून सांगितली जाते. तिच्यात एक रोखठोक व्यवहारही आहे. ज्यांच्यासाठी संस्था काढली तेच ती चालवू लागले, की संस्थेला कार्यकर्त्यांची जाहिरात द्यावी लागत नाही. कर्व्यांनी 1908 मध्ये निष्काम कर्ममठ काढला तो खास याच कामासाठी, म्हणजे आयुष्य देणारी माणसं तयार करण्यासाठी. आपल्यानंतर काय, हा प्रश्न त्यांनी पन्नाशीत हाती घेतला होता. त्यानंतर ते आणखी 54 वर्षं जगले, ही गोष्ट वेगळी.

1916 मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला पंधरा लाखांची देणगी दिली. आजच्या हिशोबाने ही रक्कम डोळे फिरवणारी आहे. विद्यापीठाला ठाकरसींच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव मिळालं. 1936 मध्ये विद्यापीठाचं मुख्यालय पुण्याहून मुंबईला गेलं. मोठी देणगी संस्थेला पुढे नेते, तशी थोडी आपल्या बाजूला ओढतेही. कर्व्यांनी तक्रार केल्याचं दिसत नाही. त्याच वर्षी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी शाळा नसलेल्या खेड्यांसाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं आणि पुन्हा दारोदार वर्गणी मागायला लागले.

थेंबाथेंबाने येणाऱ्या पैशाचं महत्त्व भाऊराव पाटलांनी सर्वांत चांगलं ओळखलं. रयत शिक्षण संस्था 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळच्या काले गावी सुरू झाली. 1924 मध्ये ती साताऱ्याला आली. वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. त्यांना जेवू घालायचं कसं, हा रोजचा प्रश्न होता. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांसाठी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही. ते कुणाला विसरता येत नाही. पण दागिने एकदाच विकता येतात.

रोजच्या जेवणाला आधार झाला तो मुष्टिफंडाचा. बायका जात्यावर बसण्याआधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायच्या, आणि ते गोळा होऊन वसतिगृहात यायचं. एका मुठीने कुणाचं घर रिकामं होत नाही, म्हणून नाही म्हणायला कुणी धजत नाही. शिवाय जी बाई रोज सकाळी मूठ बाजूला काढते, तिला ती संस्था परकी वाटत नाही. पुढे तिचाच मुलगा तिथे शिकायला जातो. देणगी आणि ओलावा दोन्ही एकाच मुठीतून यायचं. निधी उभारणीच्या आजच्या कार्यशाळांत दर महिन्याला थोडे पैसे देणारे पाचशे दाते एका बड्या दात्यापेक्षा बरे, असं शिकवतात. साताऱ्याच्या वसतिगृहाने हे शंभर वर्षांपूर्वी धान्याने करून दाखवलं होतं.

त्याचा कस 1948 नंतर लागला. गांधीहत्येनंतरच्या घडामोडींवरून भाऊरावांनी मुंबई सरकारवर सडकून टीका केली, आणि सरकारने रयतचं अनुदान थांबवलं. अनुदानावर उभ्या असलेल्या दुसऱ्या कोणत्याही संस्थेने दुसऱ्या दिवशी माफीचं पत्र पाठवलं असतं. रयतच्या शाळा लोकवर्गणीवर चालू राहिल्या आणि काही काळाने अनुदान परत सुरू झालं. आज रयतच्या सातशेहून अधिक शाखा आहेत, त्यांत चारशेहून अधिक माध्यमिक शाळा. भाऊराव 1959 मध्ये गेले. त्यांच्या वसतिगृहात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील परदेशी शिकून संस्थेत परतले, प्राचार्य झाले, पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. हिंगण्याचाच कित्ता, फक्त आकाराने मोठा.

या वाढीची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. शासनाच्या पगारावर हजारो शिक्षक आले की संस्थेचं रूप बदलतं. आजीव सेवकाची ओढ आणि पगारी नोकराची हजेरी यांत फरक असतो, आणि त्याला कुणी एक माणूस जबाबदार नसतो. आकार वाढणं म्हणजे ओढ वाढणं नव्हे. कधी कधी आकारच ओढीला जड होतो.

जामखेडला वेगळाच प्रयोग झाला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये या दुष्काळी तालुक्यात ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. सुरुवातीला त्यांचा बेत प्रशिक्षित नर्सना गावांत ठेवण्याचा होता. पण शिकलेल्या, बाहेरच्या मुली खेड्यात एकट्या राहायला तयार नसत, आणि गावही त्यांच्याशी मोकळं होत नसे. तेव्हा गावातलीच बाई निवडायची ठरली. पुष्कळ जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, काही दलित होत्या, काही परित्यक्ता. त्या आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, शिकायच्या आणि गावी परतायच्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा.

या साप्ताहिक फेरीकडे नीट पाहिलं तर बरंच काही कळतं. एकदा महिनाभराचं प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्र हातात ठेवणं सोपं होतं. सरकारी योजनांत ते तसंच होतं. इथे दर आठवड्याला गावचा नवा प्रश्न घेऊन बाई यायची. जुलाबाने मूल दगावलं असेल तर त्याची चर्चा व्हायची. दुसऱ्या गावच्या बाईने तसंच मूल कसं वाचवलं ते ती सांगायची. घोटभर चहा आणि थोडी थट्टाही व्हायची. गावात सासू-सासरे, पाटील, भगत यांच्याशी एकटीने झुंजणाऱ्या बाईला आपल्यासारख्या आणखी वीसजणी भेटत. तिची हिंमत याच भेटींतून दर आठवड्याला भरून निघत होती. मेबल आरोळे 1999 मध्ये गेल्या, रजनीकांत 2011 मध्ये. त्यांच्या कन्या डॉ. शोभा यांनी काम पुढे चालवलं. गावातल्या बायका मात्र कुठे जाणारच नव्हत्या. बदली नाही, पदोन्नती नाही. काम त्यांच्या घरातच होतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने, जी 1986 मध्ये सुरू झाली, हेच सूत्र आणखी एका दिशेने नेलं. गावातल्या आरोग्यदूत बाईला वजनकाटा, थर्मामीटर, औषधं दिली आणि बाळंतघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. यातली महत्त्वाची सवय म्हणजे मोजणी. प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू लिहायचा, आणि तो कुणी दुसऱ्याने पडताळायचा. 39 गावांतल्या या प्रयोगाचे निष्कर्ष 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. नवजात बालमृत्यूचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटलं होतं. 2011 पासून 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बाळाची काळजी हा राष्ट्रीय कार्यक्रम झाला.

मोजणी हा कार्यकर्त्यांना नेहमी नकोसा वाटणारा भाग. इतकं काम करतो, त्याचा हिशोब कशाला, असं म्हणणारे मोठे लोकही असतात. पण दर वर्षी आकडा खाली जाताना दिसला की त्या बाईला आपण काय केलं हे कळतं. देणाऱ्यालाही कळतं. आणि आकडा खाली गेला नाही तर तेही लपत नाही.

कधी प्रश्नच बदलतो. बाबा आमटे आणि साधनाताईंनी 1950-51 च्या सुमारास वरोऱ्याजवळ आनंदवन उभारलं, तेव्हा कुष्ठरोग म्हणजे आयुष्यभराची बहिष्कृती. सहा रुग्ण, 14 रुपये, एक लंगडी गाय आणि पन्नास एकर खडकाळ जमीन, ही सुरुवात महाराष्ट्रात पुष्कळांना पाठ आहे. 1980 च्या दशकात बहुविध औषधोपचार आले आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. भारतात 2005 च्या अखेरीस सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. म्हणजे ज्या दुःखासाठी आनंदवन उभं राहिलं तेच ओसरू लागलं. तोवर आनंदवनात अंध, मूकबधिर, अपंग माणसं, शाळा, कॉलेज, हस्तकला, शेती असं बरंच काही रुजलेलं होतं. एकाच रोगाशी नाव बांधून बसलेल्या संस्थेला हे जमलं नसतं. शिवाय 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून आमट्यांच्याच सोमनाथ प्रकल्पात मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरते. कडक उन्हात तरुण मुलं-मुली कुदळ-फावडं घेऊन खणतात, रात्री चर्चा करतात, गाणी म्हणतात. त्यांतली बहुतेक घरी जातात आणि नोकरीला लागतात. काही मात्र परत येतात. सर्चने 2006 मध्ये तरुणांसाठी 'निर्माण' सुरू केलं त्यामागेही नवी माणसं मिळवण्याची हीच गरज होती.

नेमकेपणाने येणाऱ्या तारखेची ताकद शहरातही दिसते. मुंबई ग्राहक पंचायत 1975 मध्ये सुरू झाली. बिंदुमाधव जोशी, संगीतकार सुधीर फडके अशी मंडळी सुरुवातीला होती. काम अगदी घरगुती: शेजारपाजारची कुटुंबं गट करतात, महिन्याच्या वाणसामानाची यादी भरतात, पैसे जमा करतात. मग पंचायतीचा माल टेम्पोने एका सभासदाच्या घरी येतो आणि सगळेजण जमून तो वाटून घेतात. डाळीच्या, साखरेच्या पिशव्या मांडलेल्या, कुणाच्या हातात यादी, कुणी पोहे कमी आले म्हणून कुरकुरतंय, मधूनच कुणाच्या मुलाच्या दहावीची चौकशी. ग्राहक हक्कांवर महिन्याला व्याख्यान ठेवलं असतं तर चौथ्या महिन्याला खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या. साखर मात्र दर महिन्याला लागतेच. त्या साखरेच्या निमित्ताने हजारो कुटुंबं दशकानुदशकं एकत्र राहिली, आणि भेसळ, वीजदर, बिल्डरांची फसवणूक अशा प्रश्नांवर संस्थेला बोलायला बळ मिळालं.

20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना त्यांनी 1989 मध्ये केली होती आणि जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडत होते. खुनानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला, डिसेंबर 2013 मध्ये कायदा झाला. त्या धक्क्यातही गावोगावच्या शाखांच्या बैठका, चमत्कारांच्या प्रात्यक्षिकांचे कार्यक्रम, वार्तापत्राचे अंक चालू राहिले. दाभोलकरांनी शाखा बांधायला जो वेळ दिला होता, तो भाषणांसाठी दिला असता तर हे झालं नसतं.

आजच्या संस्थांपुढे अडचण आहे ती पैशाच्या स्वरूपाची. ठरावीक आकाराहून मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी, हा नियम एप्रिल 2014 पासून लागू झाला. राज्यांमध्ये या पैशाचा सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राला मिळतो. पण तो बहुतेकदा प्रकल्पाला मिळतो, संस्थेला नाही. सलग चालणाऱ्या प्रकल्पालाही कायद्याने सुरुवातीचं वर्ष सोडून तीनच वर्षांची मुदत आहे. शौचालयं बांधायला पैसे असतात. शौचालयं वापरात आहेत का हे पाहायला जाणाऱ्या माणसाच्या पगाराला नसतात. परदेशी निधीवरही 2020 च्या दुरुस्तीने कडक बंधनं आली: प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्के झाली, आणि मोठ्या संस्थेने मिळालेला परदेशी पैसा लहान संस्थेला पुढे देणं बंद झालं. दुर्गम भागातल्या छोट्या संस्थांचा झरा तिथेच आटला. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी 2009 मध्ये या प्रकाराला उपासमारीचं चक्र म्हटलं होतं: देणारा म्हणतो कार्यालयीन खर्च कमी दाखवा, संस्था तो खरोखर कमी करते, काम खालावतं, आणि पुढच्या वर्षी देणारा आणखी कमी खर्चाची अपेक्षा धरतो.

दुसरी अडचण धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात भेटते. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज, म्हणजे बोलीभाषेतला चेंज रिपोर्ट, दाखल करावा लागतो. संस्थापक गेला आणि विश्वस्तांत दोन तट पडले, की दोघेही आपापला अर्ज घेऊन पोचतात. कोणती सभा वैध, गणसंख्या होती का, नोटीस सर्वांना मिळाली का, यावर तारखा पडत राहतात. इतिवृत्ताची वही कुणाच्या कपाटात आहे यावर संस्थेचं भवितव्य अडून बसतं. निकाल लागेपर्यंत बँक खातं अडकतं, अनुदानाचा प्रस्ताव अडकतो, आणि शहाणे कार्यकर्ते दुसरीकडे जातात. वयोवृद्ध अध्यक्षांना पुढच्या विश्वस्तांची नावं सुचवायला सांगितलं की ते दुखावतात, म्हणून कुणी सांगत नाही. खरं तर नियम आधीच असतील तर दुखावायचं कारण उरत नाही. सोसायटीच्या वीस वर्षांच्या अटीने तेच केलं होतं.

पण सर्वांत जास्त गळती होते ती तिशी-पस्तिशीच्या कार्यकर्त्यांची. विशीतली मुलं फेलोशिपवर येतात, साठीतले निवृत्त अधिकारी वेळ देतात. मधली पिढी, जिला तालुक्यातला प्रत्येक तलाठी ओळखतो आणि जिच्यावाचून रोजचं काम अडतं, तिच्या मुलांची शाळा सुरू झालेली असते. तिचा पगार एका कंपनीच्या प्रकल्पातून येतो आणि प्रकल्प 31 मार्चला संपतो. भविष्यनिर्वाह निधी सगळीकडे नसतो, आरोग्यविमा तर क्वचितच. त्यागाच्या गोष्टी सांगताना 75 रुपयांचा उल्लेख नेहमी होतो. त्या पैशांत पुण्यात त्या काळी मध्यमवर्गीय संसार चालत होता आणि पुढे निवृत्तिवेतनाचीही सोय होती, हे सांगायचं राहून जातं. आता काही संस्था देणाऱ्यांशी हुज्जत घालून प्रस्तावातच पगार, विमा, प्रवास आणि कायम निधीसाठी वेगळी तरतूद मागू लागल्या आहेत. काही देणारे ती मान्य करतात. बाकीचे प्रस्ताव परत पाठवताना नेमक्या त्याच ओळीखाली लाल रेघ मारतात.